पुढे सुरळीत, मागे लंगडे: नागपुरातल्या एका नॅरोगेज इंजिनाच्या व्हॉल्व्ह गिअरचे प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. इंजिन पूर्ण पुढच्या गिअरमध्ये चांगले चालते, मागे नेले की लंगडते. लंगडणे म्हणजे चिमणीतल्या फुसकाऱ्यांचा ताल चुकणे. व्हॉल्व्ह गिअर म्हणजे सिलिंडरात वाफ कधी आणि किती वेळ सोडायची हे ठरवणारी दांड्यांची जुळणी.

इंजिन ७६२ मिमी गेजचे, दोन बाहेरच्या सिलिंडरांचे. नागपूरहून नागभीड आणि छिंदवाड्याकडे धावणाऱ्या छोट्या गाड्या ज्या गेजवर होत्या, तेच हे गेज. शहरातल्या एका आवारात साधारण ४० मीटर रुळांवर ते प्रात्यक्षिकासाठी हलवले जाते. बॉयलर रिकामाच असतो. कॉम्प्रेसरची हवा सुमारे ३ किलो दाबाने रेग्युलेटरच्या (बॉयलरमधून वाफ सोडणाऱ्या झडपेच्या) पुढच्या स्टीम पाइपमध्ये थेट दिली जाते. हे योग्यच आहे. जुन्या, तपासणी न झालेल्या बॉयलरात हवा भरून ठेवणे म्हणजे अंगणात बॉम्ब ठेवण्यासारखे आहे, आणि "तीनच किलो तर आहे" हे त्यावरचे उत्तर नव्हे. मालकाचे नाव आणि इंजिनाचा नंबर इथे दिलेला नाही. हिशेब डोक्यात राहावा म्हणून मूळ मापे पूर्ण मिलिमीटरमध्ये घेतली आहेत.

पुढे या लेखात 'पुढे' म्हणजे चिमणीकडे आणि 'मागे' म्हणजे कॅबकडे.

ऐकून काय कळले

दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे येतात, कारण दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांना ९० अंशांवर असतात. ताल चुकला की पहिला प्रश्न असा, की चारांपैकी नेमका कोणता फुसकारा बिघडलेला आहे. त्यासाठी उजव्या आणि डाव्या बाजूची डेड सेंटर (पिस्टन अगदी टोकाला असतानाच्या क्रँकच्या जागा) चाकाच्या कडेवर खडूने आखली आणि इंजिन माणसाच्या चालीने चालवले. एक जण खडूच्या खुणा बघत होता, दुसरा चिमणीकडे कान लावून होता.

डावीकडचे दोन फुसकारे रिव्हर्सरच्या, म्हणजे इंजिनाची दिशा बदलणाऱ्या लिव्हरच्या, सर्व खाचांवर सारखे होते. उजवीकडचे दोन पूर्ण पुढच्या गिअरमध्ये सारखे, पण लिव्हर मध्यापासून पुढे दुसऱ्या खाचेवर आणला की एक भरदार आणि एक दबका. मागच्या गिअरमध्ये दुसऱ्या खाचेवर फरक आणखी वाढायचा. भरदार फुसकारा उजवा पिस्टन मागच्या टोकाला पोचता-पोचता यायचा. म्हणजे बाहेर पडणारी हवा पिस्टनच्या पुढच्या बाजूची होती आणि पुढच्या टोकाला हवा जास्त मिळत होती.

बिघाड एकाच बाजूला असेल तर रिव्हर्सर, त्याचा आडवा शाफ्ट, रेग्युलेटर, ब्लास्ट पाइप (वापरलेली वाफ चिमणीत सोडणारा पाइप) या सामाईक वस्तूंवरचा संशय बराच कमी होतो. अर्धे काम इथेच झाले.

गिअर काय करतो

इंजिनाला वॉल्शार्ट्स गिअर आहे. बेल्जियमच्या एजिद वॉल्शार्ट्स यांनी १८४४ साली मांडलेली ही रचना पुढे जगभर पसरली. आपल्याकडच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या ब्रॉडगेज इंजिनांनाही तीच होती. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभ्या असलेल्या इंजिनांच्या चाकांशेजारी दोन मिनिटे थांबले तर दांड्यांची ओळख पटते. पुढचे वर्णन तेव्हा हाताशी असू द्यावे.

व्हॉल्व्हला दोन वेगवेगळ्या हालचाली मिळतात आणि त्यांची बेरीज होते. हे एकदा मनात बसले की गिअर जादू वाटत नाही.

पहिली हालचाल क्रॉसहेडकडून येते. पिस्टन रॉडच्या टोकाला असलेल्या क्रॉसहेडपासून एक छोटी युनियन लिंक निघते आणि उभ्या कॉम्बिनेशन लिव्हरचे खालचे टोक हलवते. लिव्हरच्या वरच्या टोकाला व्हॉल्व्ह स्पिंडल जोडलेला आहे. वरून थोडे खाली रेडियस रॉडची पिन आहे. या इंजिनात स्पिंडलच्या पिनपासून रेडियस रॉडची पिन ७५ मिमीवर, आणि तिथून युनियन लिंकची पिन ६०० मिमीवर. स्ट्रोक ४०० मिमी. पिस्टन पुढच्या टोकाला गेला की क्रॉसहेड मध्यापासून २०० मिमी पुढे जातो, लिव्हरचे खालचे टोक पुढे सरते, आणि रेडियस रॉडची पिन टेकू झाल्यामुळे वरचे टोक मागे येते: २०० गुणिले ७५ भागिले ६००, म्हणजे २५ मिमी.

हे २५ मिमी वाया जात नाहीत. सपाट स्लाइड व्हॉल्व्ह मधोमध असताना त्याची कड पोर्टच्या (सिलिंडरात वाफ नेणाऱ्या वाटेच्या) बाहेर २२ मिमी पसरलेली असते, हा लॅप. पिस्टन टोकाला असताना पोर्ट ३ मिमी आधीच उघडलेले हवे, ही लीड. २२ अधिक ३, बरोबर २५. कॉम्बिनेशन लिव्हरचे काम एवढेच, आणि रिव्हर्सरचा लिव्हर कुठल्याही खाचेवर असला तरी ते बदलत नाही. म्हणूनच वॉल्शार्ट्स गिअरमध्ये लीड सगळ्या खाचांवर सारखी राहते. स्टीफन्सन या दुसऱ्या प्रकारच्या गिअरमध्ये ती खाचेनुसार बदलते, त्यामुळे त्यातला दोष शोधताना वेगळा विचार करावा लागतो.

दुसरी हालचाल चाकाकडून. क्रँक पिनवर बसवलेल्या रिटर्न क्रँकची पिन मुख्य क्रँकच्या ९० अंश पुढे, ९६ मिमी त्रिज्येने फिरते. एक्सेंट्रिक रॉड तिथून एक्सपान्शन लिंकच्या खालच्या टोकाला जातो आणि तिला झुलवतो. लिंकचे खालचे टोक तिच्या मधल्या कण्यापासून ३०० मिमीवर आहे. लिंकच्या वक्र खाचेत डायब्लॉक वर-खाली सरकतो आणि त्यालाच रेडियस रॉड जोडलेला असतो. डायब्लॉक कण्यावर असेल तर लिंक कितीही झुलो, रेडियस रॉड जागचा हलत नाही. हा मध्य गिअर. डायब्लॉक खाली १२५ मिमीवर नेला की रेडियस रॉड ४० मिमी पुढे-मागे जातो आणि कॉम्बिनेशन लिव्हरमधून व्हॉल्व्हवर ते ४५ मिमी होतात. हा पूर्ण पुढचा गिअर. डायब्लॉक वर नेला की हालचाल उलटी, इंजिन मागे.

कटऑफ, म्हणजे स्ट्रोकच्या किती टक्क्यांपर्यंत वाफ आत येते, तो या दुसऱ्या हालचालीच्या आकारावर ठरतो. या मापांनी हिशेब केला तर पूर्ण गिअरमध्ये सुमारे ७९ टक्के, दुसऱ्या खाचेवर (डायब्लॉक ३३ मिमी खाली) सुमारे २७ टक्के, आणि मध्यावर फक्त लॅप-लीडच्या जोरावर जेमतेम ६ टक्के.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवावी. स्लाइड व्हॉल्व्हला वाफ बाहेरच्या कडेवरून मिळते, म्हणून रेडियस रॉडची पिन स्पिंडलच्या खाली असते. आतल्या कडेवरून वाफ घेणाऱ्या पिस्टन व्हॉल्व्हच्या इंजिनात ती स्पिंडलच्या वर जाते आणि रिटर्न क्रँक मुख्य क्रँकच्या मागे राहतो. चित्रात हे उलटेपालटे दिसले की नवीन माणूस चक्रावतो आणि एका इंजिनाचे नियम दुसऱ्याला लावून मोकळा होतो.

आधी काय केले गेले होते

उजव्या स्पिंडलवर, व्हॉल्व्हच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या नटांपाशी आट्यांचा एक पट्टा चकाकत होता. बाकी आट्यांवर जुना काळा तेलाचा थर. म्हणजे कोणीतरी अलीकडे व्हॉल्व्ह स्पिंडलवर मागे सरकवलेला होता. एक्सेंट्रिक रॉडच्या मागच्या डोळ्याभोवती (पिन बसते त्या भोकाभोवती) रंगाखाली वेल्डची उंच कड बोटाला लागत होती. डोळा कधीतरी तुटला, वेल्डने भरला आणि पुन्हा बोअर केला.

या दोन खुणा एकत्र ठेवल्या की कथा जवळजवळ पूर्ण होते. पण अंदाजावर नट फिरवणे हाच मूळ गुन्हा, त्यामुळे पुढचे सगळे मोजून केले. साइटवर झालेला एवढा संवाद मात्र जसाच्या तसा द्यावासा वाटतो:

"काकाजी, नट वापस जाग्यावर घेऊ का?"

"थांब ना बे. कोणत्या जाग्यावर? जागा मायीत हाय का तुले?"

मोजणीची तयारी

व्हॉल्व्ह सेटिंगमधल्या बहुतेक चुका गिअरमध्ये नसून मोजण्यात असतात. म्हणून इथे थोडे रेंगाळणे परवडते.

इंजिन स्प्रिंगांवर नेहमीच्या उंचीला बसलेले हवे. जॅकवर उचललेल्या इंजिनाचा ॲक्सल फ्रेममध्ये खाली लोंबतो, एक्सेंट्रिक रॉडचा कोन बदलतो आणि सगळी वाचने खोटी ठरतात. बॉयलर रिकामा असल्याने हे इंजिन मुळात थोडे वर बसते. पण ते चालतेही तसेच, म्हणून तसेच मोजले.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या बाजूचे दांडे हाताला चटका देतात. एक मीटर स्टील १०० अंशांनी तापले की सुमारे १.२ मिमी वाढते; सकाळ आणि दुपारमध्ये ३० अंशांचा फरक धरला तरी मीटरमागे ०.३६ मिमी. दशांश मिलिमीटर वाचायचे असतील तर ही हलकी गोष्ट नाही. सगळी वाचने सकाळी आठच्या आत, दोन्ही बाजू सावलीत असताना घेतली. वाफेवर चालणाऱ्या इंजिनाला गरम झाल्यावरच्या वाढीची सवलत थंडपणी सोडावी लागते. इथे हवा असल्याने ती सोडली नाही.

पहिले काम गळती तपासण्याचे. चाकांना दोन्हीकडून गुटके लावले, उजवा क्रँक उभा ठेवला, लिव्हर मध्यावर, सिलिंडर कॉक उघडे, आणि हवा सोडली. या स्थितीत व्हॉल्व्हने दोन्ही पोर्ट झाकलेले असतात. कॉकमधून नावापुरती झुळूक आली. व्हॉल्व्ह बसतो आहे. पिस्टनच्या रिंगाही अशाच, एका टोकाला हवा देऊन दुसऱ्या कॉकवर हात धरून तपासल्या. ही पायरी गाळून लोक दोन दिवस गिअर मोजत बसतात आणि शेवटी दोष तुटलेल्या रिंगेत निघतो.

दुसरे काम पोर्टच्या खुणा. स्टीम चेस्टचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या पेटीचे, झाकण काढले. व्हॉल्व्ह हळू सरकवत पुढच्या पोर्टच्या कडेत ०.०५ मिमीची फीलर पट्टी नुकती अडकेल अशा जागी थांबवला. ग्लँडच्या (स्पिंडल पेटीबाहेर येतो तिथल्या गळतीबंद जोडाच्या) तोंडावर पंचने एक ठिपका केला होता. त्यात ट्रॅमेलचे (दोन अणकुचीदार टोकांच्या सळईचे) एक टोक ठेवून दुसऱ्याने स्पिंडलवर बारीक रेघ ओढली. तसेच मागच्या पोर्टसाठी. दोन रेघांमधले अंतर ४४.० मिमी भरले, म्हणजे दोन्ही बाजूंचा लॅप मिळून ४४. व्हॉल्व्ह झिजलेला नाही आणि मापे कागदाशी जुळतात. लोहा ओळ या लोखंड बाजारातून आणलेल्या १० मिमी सळईची टोके घासून, कडक करून हा ट्रॅमेल केला होता. विकत आणण्यासारखे त्यात काही नाही. यापुढे झाकण बंद केले तरी व्हॉल्व्ह कुठे आहे ते बाहेरून कळते. बारीक फरकांसाठी स्पिंडलच्या टोकावर मॅग्नेटिक बेसचा डायल गेज लावला.

तिसरे काम डेड सेंटर. पिस्टन टोकाला पोचतो तिथे क्रॉसहेड बराच वेळ हललासा वाटतच नाही, त्यामुळे 'इथे थांबला' असे डोळ्याने ठरवले तर क्रँक दोन-तीन अंश सहज चुकतो. रीत अशी: पिस्टन टोकाच्या आधी साधारण १० मिमीवर असताना क्रॉसहेडची खूण स्लाइड बारवर घ्यायची आणि त्याच क्षणी फ्रेमवरच्या ठिपक्यापासून मोठ्या ट्रॅमेलने चाकाच्या कडेवर रेघ ओढायची. चाक पुढे फिरवत टोक पार करायचे. क्रॉसहेड परत त्याच खुणेवर आला की चाकावर दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे डेड सेंटर. पण परतताना पिना आणि बुशांमधली ढिलाई उलट बाजूला बसते. म्हणून दुसऱ्या खुणेला चाक थोडे जास्त पुढे नेऊन, मग मागे घेत खुणेवर थांबायचे. इंजिन पहारीनेच सरकवायचे. मोजणी चालू असताना हवेचा होज काढून ठेवायचा, फक्त व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही.

वाचने

उजवी बाजू, डेड सेंटरवर पोर्ट किती उघडे ते मिलिमीटरमध्ये:

पूर्ण पुढचा गिअर: पुढे ३.१, मागे ३.१.
पुढची दुसरी खाच: पुढे ४.४, मागे १.६.
मध्य: पुढे ४.९, मागे १.१.
पूर्ण मागचा गिअर: पुढे ६.७, मागे उणे ०.८. म्हणजे पिस्टन मागच्या टोकाला पोचला तरी पोर्ट अजून ०.८ मिमी झाकलेलेच.

डाव्या बाजूची सर्व वाचने २.९ ते ३.१ मध्ये.

पहिली ओळ वाचून कोणीही म्हणेल की सेटिंग अचूक आहे. नट फिरवणाऱ्याने तेवढीच ओळ बघितली असणार. आवारातल्या छोट्या रुळांवर इंजिन नेहमी पूर्ण पुढच्या गिअरमध्येच निघते, त्यामुळे प्रात्यक्षिकात ते बराच काळ चांगले वाटलेही असेल.

एकाच चाचणीत तीन दोषांची फारकत

गिअरमधली चूक सहसा तीन जागांपैकी असते: स्पिंडलवर व्हॉल्व्हची जागा, एक्सेंट्रिक रॉडची लांबी, किंवा रिटर्न क्रँकचा कोन. तिन्ही लंगडेपणाच देतात, म्हणून कानाने त्यांच्यात फरक करता येत नाही. पण इंजिन डेड सेंटरवर उभे करून लिव्हर पूर्ण पुढून पूर्ण मागे नेला, तर तिघांची वागणूक वेगळी.

सगळे बरोबर असेल तर डेड सेंटरवर लिंक अशी उभी राहते की तिची वक्र खाच रेडियस रॉडच्या चापाशी तंतोतंत जुळते. लिव्हर खेचला की डायब्लॉक वर-खाली होतो, पण व्हॉल्व्ह हलत नाही. फक्त स्पिंडल चुकला असेल तरीही व्हॉल्व्ह हलणार नाही, कारण लिंक बरोबरच आहे. लीड मात्र सगळ्या खाचांवर सारखीच वाकडी दिसेल. रॉडची लांबी चुकली असेल तर लिंक दोन्ही डेड सेंटरवर एकाच बाजूला कललेली, म्हणून व्हॉल्व्ह दोन्ही वेळा एकाच दिशेने हलेल. रिटर्न क्रँकचा कोन चुकला असेल तर लिंक एका टोकाला पुढे आणि दुसऱ्या टोकाला मागे कलेल, म्हणून व्हॉल्व्ह दोन टोकांना विरुद्ध दिशांनी हलेल.

या इंजिनात पुढच्या डेड सेंटरवर व्हॉल्व्ह ३.६ मिमी मागे सरकला, मागच्या डेड सेंटरवर ३.९ मिमी मागेच. दिशा एकच. सरासरी ३.७५ हा रॉडचा वाटा. ०.३ च्या फरकाचा निम्मा, ०.१५, हा रिटर्न क्रँकचा.

लिव्हर पूर्ण पुढून पूर्ण मागे नेल्याने चूक दोनदा मोजली जाते, म्हणून ३.७५ चा निम्मा १.८७५ घेतला. व्हॉल्व्हवरून रेडियस रॉडवर यायला ६०० भागिले ६७५, आणि डायब्लॉकवरून लिंकच्या टोकावर यायला ३०० भागिले १२५. दोन्ही मिळून २.१३. १.८७५ गुणिले २.१३ म्हणजे ४.० मिमी. व्हॉल्व्ह पुढच्या गिअरमध्ये जास्त पुढे राहतो, लिंकचे खालचे टोक पुढे ढकलले गेले आहे, म्हणजे रॉड ४ मिमी लांब.

रॉड ४ मिमी लांब आणि स्पिंडल बरोबर असता, तर पूर्ण पुढच्या गिअरमध्ये व्हॉल्व्ह जवळजवळ १.९ मिमी पुढे राहिला असता आणि लीड पुढे १.१, मागे ४.९ अशी निघाली असती. वेल्डनंतर इंजिन पुढे जाताना लंगडले असणार ते असे. त्यावर व्हॉल्व्ह १.९ मिमी मागे सरकवला गेला. पुढच्या गिअरमध्ये दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. मध्यावर मात्र रॉडची चूक शून्य होते, स्पिंडलची तशीच राहते. मागच्या गिअरमध्ये दोघी एकाच बाजूच्या होतात आणि ३.७५ ची चूक उभी राहते. वाचनांच्या चारही ओळी या एका हिशेबातून निघतात, म्हणूनच निदानावर भरवसा ठेवता आला.

कटऑफ क्रॉसहेडच्या प्रवासावर खडूने मोजला. पुढच्या दुसऱ्या खाचेवर पुढच्या टोकाचा १२८ मिमी, म्हणजे ३२ टक्के. मागच्या टोकाचा ८८, म्हणजे २२ टक्के. मागच्या दुसऱ्या खाचेवर १४० आणि ७६, म्हणजे ३५ आणि १९. एका टोकाला दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट हवा. चिमणीजवळ जे ऐकू येत होते ते हेच.

दोन्ही रॉड आधीच का मोजले नाहीत

सोपा मार्ग हाच, की डावा-उजवा रॉड शेजारी ठेवून अंतर बघावे. ते नंतर केले: डाव्याचे पिन-ते-पिन अंतर ११८० मिमी, उजव्याचे ११८४. पण सुरुवातीला हा पुरावा कच्चा आहे. जुन्या इंजिनात लिंकचा ब्रॅकेट दोन्ही फ्रेमवर हुबेहूब एकाच जागी असेलच असे नाही, आणि शेडमध्ये रॉड त्या-त्या बाजूला जुळवून बसवलेले असू शकतात. दोन रॉडांत ४ मिमीचा फरक ही एखाद्या इंजिनाची योग्य स्थितीही असू शकते. रॉड किती लांब हवा हे इंजिनच सांगते. ड्रॉइंग मिळाले तरी ते दुय्यम.

दुरुस्ती

रॉड ४ मिमी आखूड करायची जुनी पद्धत म्हणजे मधला भाग लाल तापवून टोकावर ठोकत तो जाड करणे. चांगल्या लोहाराच्या हातात ते सुरक्षित आहे. इथे आधी वेल्डवर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) फवारला. रंग पुसून पांढरा डेव्हलपर मारल्यावर पाच मिनिटांत डोळ्याच्या गळ्याशी केसाएवढी लाल रेघ उमटली, सुमारे १५ मिमी लांब. अशा रॉडला तापवण्याचा प्रश्नच उरला नाही. जाड भिंतीचे बुश ४ मिमी आडबोअर (मध्य सोडून बोअर) करून अंतर साधण्याचा प्रस्तावही आला होता. तो नाकारला, कारण आडबोअर बुश डोळ्यात फिरला की रॉडची लांबी चालता-चालता बदलते.

नवा रॉड ईएन-८ या स्टीलच्या पट्टीतून हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये कापून घेतला. मागचा डोळा बोअर केला, पुढचा मुद्दाम मागे ठेवला. दरम्यान दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर लांबट भोकांतून बोल्टने आवळून एक तात्पुरता रॉड बनवला आणि तो उजव्या बाजूला लावला. बोल्ट सैल करून लांबी जुळवत गेले. व्हॉल्व्हची हालचाल दोन्ही डेड सेंटरवर समान आणि विरुद्ध दिशांना झाली, तेव्हा पट्ट्या पक्क्या आवळल्या. पिन-ते-पिन अंतर ११८० मिमी आले आणि नव्या रॉडचा पुढचा डोळा त्याच अंतरावर बोअर झाला. तात्पुरत्या रॉडवर इंजिन हवेने चालवायचे नाही. तो फक्त पहारीने सरकवण्यापुरता.

यानंतर स्पिंडल, आणि क्रम हाच हवा. रॉड बरोबर होण्याआधी स्पिंडलला हात लावला तर जुन्या चुकीवर नवी चूक बसते. नटाचे आटे इंचाला १०, म्हणजे एका फेऱ्याला २.५४ मिमी. व्हॉल्व्ह १.९ मिमी पुढे न्यायचा तर पाऊण फेरा. पुढचा नट पाऊण फेरा सैल, मागचा पाऊण फेरा आत, मग दोन्ही आपापल्या चेकनटांनी बंद. चौकटीत व्हॉल्व्हला पोर्टच्या तोंडावर बसण्यापुरती उभी मोकळीक राहिलीच पाहिजे. नट करकचून आवळून चौकट वाकवली तर व्हॉल्व्ह तोंडावरून उचलला जातो आणि मग गळतीचा नवा धंदा सुरू होतो.

रिटर्न क्रँकला हात लावला नाही. त्याचा ०.१५ चा वाटा लिंकच्या टोकाशी सुमारे ०.१६ मिमी, ९६ मिमी त्रिज्येवर अंशाचा दहावा भाग भरतो. तेवढ्यासाठी चावी काढणे म्हणजे घट्ट बसलेली गोष्ट सैल करणे.

दुरुस्तीनंतर

पूर्ण पुढचा गिअर ३.१ आणि ३.१, मध्य ३.० आणि ३.०, पूर्ण मागचा गिअर २.९ आणि २.९. दोन्ही टोके सारखी, पण पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये दोन दशांशांचा फरक: ही रिटर्न क्रँकच्या उरलेल्या चुकीची सही आहे, आणि ती ओळखता येते हेही बरेच.

दुसऱ्या खाचेवर कटऑफ पुढे २९, मागे २६ टक्के. हा फरक दोष नाही. कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे क्रँक उभा असताना पिस्टन बरोबर मधोमध नसतो, मागच्या बाजूला कललेला असतो. गिअरची आखणी हा फरक बराच कमी करते, पूर्ण घालवत नाही. काही सेटर लीड जराशी वाकडी करून कटऑफ सारखे करतात. ४० मीटरच्या रुळांवर त्याने काही साधत नाही, म्हणून लीड सारखी ठेवली.

हवेवर चालणाऱ्या इंजिनाची एक गोष्ट हिशेबात धरायलाच हवी. सपाट व्हॉल्व्ह पोर्टच्या तोंडावर दाबाने घासतो आणि कॉम्प्रेसरची हवा पाणी आणते, तेल आणत नाही. झाकण उघडले तेव्हा उजव्या व्हॉल्व्हच्या तोंडावर दोन चकचकीत ओरखडे होते, नखाला लागतील इतके. ते सपाट करून घेतले. हवेच्या पाइपवर तेल-थेंब्या बसवला आणि टाकीच्या बुडाशी पाणी काढण्याचा कॉक रोज उघडायचा ठरला. हे केले नाही तर पुढच्या पावसाळ्यानंतर उजवी बाजू पुन्हा लंगडेल. मध्यावर लिव्हर ठेवून घेतलेली गळतीची चाचणी तेव्हा कॉकवर ठळक उत्तर देईल आणि गिअर निर्दोष असेल.

स्पिंडलवरच्या दोन रेघा आणि ग्लँडवरचा ठिपका रंगवून टाकू नये असे कामाच्या नोंदीत लाल शाईने लिहिले आहे. तुटलेल्या डोळ्याचा जुना रॉड भंगारात न देता, ११८४ हा आकडा त्यावर पंच करून, आवारातच ठेवला आहे.